वाऱ्याच्या खाडीत नांगरलेल्या शिडाच्या बोटीवर घरच्यांना कसे ठेवून घ्यावे

कॅरिबियन समुद्रातील बेक्वे या बेटाचा ॲडमिरल्टी बे पश्चिमेकडे उघडतो, तर व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. त्यामुळे तेथे लाटा कमी असतात. पण डोंगरावरून उतरणारे वाऱ्याचे झोत नांगरलेल्या बोटीला स्थिर राहू देत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमके नातेवाईक सुट्टी काढून येतात तेव्हा, 'ख्रिसमस विंड्स' 25 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर वेगाने, सलग कित्येक दिवस वाहू शकतात. बोटीवर राहणाऱ्यांना त्याची सवय होते. पुण्याहून आलेल्या आईबाबांना मात्र पहिल्या रात्री प्रत्येक कुरकुरीत धोका ऐकू येतो, आणि ती धास्ती कमी करण्याची तयारी ते येण्यापूर्वीच करावी लागते.

नांगर आदल्या दिवशीच टाकावा. गवत टाळून फिकट दिसणारा वाळूचा तळ निवडावा. पाण्याची खोली 6 मीटर आणि पाण्यापासून बोटीच्या पुढच्या टोकाची उंची 1 मीटर असेल, तर या 7 मीटरच्या सातपट, म्हणजे सुमारे 50 मीटर साखळी सोडावी, आणि तेवढ्या साखळीवर फिरताना शेजारची बोट लागणार नाही याची खात्री करावी. मग इंजिन मागे चालवून नांगर रुतवावा आणि पाण्यात उतरून तो स्वतः पाहावा. साखळीला नायलॉनचा दोर अडकवून ताण त्यावर घेतला की हिसके कमी बसतात आणि साखळीची घरघरही बरीच थांबते.

त्यानंतर आवाजांकडे वळावे. डोलकाठीवर आपटणारे दोर बाजूला ओढून बांधावेत आणि कपाटांतल्या बाटल्यांमध्ये टॉवेल घालावेत. पुढची केबिन प्रशस्त दिसते म्हणून पाहुण्यांना देण्याचा मोह होतो. पण साखळीचा आवाज आणि टोकाची वरखाली तिथेच सर्वांत जास्त जाणवते. वयस्कर मंडळींना मधली किंवा मागची जागा द्यावी. निजण्यापूर्वी त्यांना डेकवर नेऊन कोणता आवाज कशाचा, हे दाखवावे. झोताबरोबर बोट डावीउजवीकडे झुलते, त्यामुळे किनाऱ्यावरचे दिवे सरकल्यासारखे वाटतात, हेही सांगून ठेवावे.

सामान मऊ पिशव्यांतच आणायला निघण्यापूर्वी कळवावे, कारण कडक सूटकेस बोटीत कुठेच मावत नाही. पोर्ट एलिझाबेथ गाव खाडीच्या वाऱ्याकडच्या टोकाला असल्याने गावातून बोटीकडे येताना वारा पाठीशी असतो, पण गावाकडे जाताना डिंगीत, म्हणजे बोट ते किनारा ये-जा करण्याच्या छोट्या होडीत, अंगावर पाणी उडते. कोरडे कपडे आणि औषधे जलरोधक पिशवीत ठेवावीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सरळ वॉटर टॅक्सी बोलवावी, ती होडी मोठी आणि स्थिर असते. डिंगीत लाइफ जॅकेट सर्वांनीच घालावे, एकेकाने चढावे, मध्यभागी पाय ठेवून लगेच बसावे आणि दोन्ही हात मोकळे ठेवावेत. पर्स सांभाळत चढणाऱ्या मावशींना हे प्रेमाने, पण ठामपणे सांगावे लागते.

बोटीवर आल्यावर चहा होण्यापूर्वीच शौचालयाचा पंप त्यांना स्वतः चालवू द्यावा आणि टिश्यू पेपर त्यात टाकायचा नाही, हे स्पष्ट करावे. पाणी टाकीतलेच असते, म्हणून भांडी घासताना नळ सुरू ठेवू नये. स्वयंपाकाला झाकण घट्ट बसणारा प्रेशर कुकर सर्वांत सोयीचा: खिचडी हेलकाव्यात सांडत नाही आणि मळमळणाऱ्या पोटालाही चालते. गॅस वापरून झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. बोट लागण्याची औषधे उलटी सुरू झाल्यावर फारशी उपयोगी पडत नाहीत. ती डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावीत.

पोहण्याच्या बाबतीत मी अजिबात सवलत देत नाही. पूर्वेचा वारा पोहणाऱ्याला खुल्या समुद्राकडे ढकलतो, आणि परत येताना दमछाक होईपर्यंत ते ध्यानात येत नाही. मागच्या बाजूने तरंगता दोर सोडून त्याच्या टोकाला तरंगणारा बोया बांधावा, शिडी खाली ठेवावी आणि एकाने डेकवरून सतत लक्ष ठेवावे.

रात्री नांगर सरकला तर कोण काय करील, हेही दिवसाउजेडी ठरवावे. पाहुण्यांचे काम एवढेच: आत बसून राहणे, मुलांना जवळ घेणे आणि वाट मोकळी ठेवणे. नांगर सरकल्यास वाजणारा अलार्म तुमच्या उशाशी असतो, हे त्यांना दाखवले तर त्यांनाही झोप लागते.

पहिले दोन दिवस शिडे उभारूच नयेत, असे माझे मत आहे. प्रिन्सेस मार्गारेट बीचवर सकाळ घालवावी, दुपारी पत्ते खेळावेत. परतीचे विमान शेजारच्या सेंट व्हिन्सेंट बेटावरील अर्गाइल विमानतळावरून असेल, तर आदल्या दिवशीच फेरीबोटीने त्या बेटावरच्या किंग्सटाउनला पाठवावे. सुमारे तासाभराच्या त्या प्रवासात दोन बेटांमधल्या बेक्वे चॅनेलचा प्रवाह आणि वारा मिळून समुद्र चांगलाच खवळतो, म्हणून गोळी निघण्यापूर्वी घ्यायला लावावी आणि फेरीत मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसायला सांगावे.