दिवाळी अंकांआधी नवं मशीन घेताना

ठाण्यात नौपाड्याला माझं अक्षरजुळणीचं काम चालतं. गणपती गेले की दिवाळी अंकांची पानं येऊ लागतात आणि मग दीड महिना श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा दिवसांत मशीन, म्हणजे कामाचा कॉम्प्युटर, अडकलं तर छापखान्याची तारीख हुकते. म्हणून मशीन बदलायचं ते पावसाळ्यातच, काम थंड असताना.

दुकानात जायच्या आधी एक गोष्ट कराच. ऐन कामाच्या दिवशी जे जे उघडं असतं, ते सगळं एकदम उघडा. माझ्याकडे इनडिझाइनमध्ये अख्खा अंक, फोटोशॉपमध्ये मुखपृष्ठ, लेखकांच्या मेल आणि प्रुफांच्या पीडीएफ. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर जा. जुन्या मशीनवर मी हे पाहिलं तेव्हा ८ जीबी मेमरीपैकी (रॅमपैकी) ७.६ भरलेली होती, आणि प्रोसेसर २० टक्क्यांवर निवांत बसला होता. मी मात्र वर्षभर ‘प्रोसेसर जुना झाला’ म्हणत होते! जागा संपली की विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकतं आणि लागेल तेव्हा परत उचलतं. पान उलटताना जो गोल फिरत राहतो, तो बऱ्याचदा त्यामुळेच.

म्हणून मेमरी आधी ठरवा. हिशेब, पत्रव्यवहार एवढंच असेल तर १६ जीबी पुरते. पानं लावायची, फोटो हाताळायचे किंवा मोठी ड्रॉइंग उघडायची असतील तर ३२. तीही १६-१६ च्या दोन पट्ट्यांत, कारण दोन पट्ट्या जोडीने चालल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते. जुन्या मशीनला दोनच स्लॉट (पट्टी बसवायच्या जागा) होते आणि दुकानदाराने दोन्हींत ४-४ जीबीच्या पट्ट्या बसवून दिल्या होत्या. वाढवायची वेळ आली तेव्हा दोन्ही काढून टाकाव्या लागल्या. पैसे कमी असतील तर आज १६ ची एकच घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी फार महागली आहे, एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळतोय म्हणून. तरी काटकसर इथे करू नका, कॅबिनेटच्या दिव्यांवर करा.

चार स्लॉट आहेत म्हणून चारही भरायची घाई नको. डीडीआर५ या नव्या पिढीच्या मेमरीत चार पट्ट्यांनी वेग पडतो: एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांसाठी कंपनीचाच वेगाचा आकडा दोन पट्ट्यांना ५२००, चारांना ३६००.

प्रोसेसरचं थोडक्यात सांगते. आमच्या कामाला सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) पुष्कळ झाले. मी रायझन ५ ७६०० घेतला. त्यात पडद्यावर चित्र दाखवणारं साधं ग्राफिक्स आहे, डब्यात पंखाही येतो. नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावं लागतं. स्वस्त दिसतो म्हणून उचलू नका. इंटेलचंही तेच. ‘ट्रे’ माल म्हणून सुटा प्रोसेसर दाखवला तर नको म्हणा, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी डबाबंद मालावर मिळते.

मदरबोर्ड निवडताना सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, जुळलंच पाहिजे. ७६०० ला एएम५ लागतं आणि त्यावर फक्त डीडीआर५ चालते. घरात धड डीडीआर४ (आधीच्या पिढीची मेमरी) पडून असेल तर इंटेलचा बाराव्या ते चौदाव्या पिढीतला प्रोसेसर आणि डीडीआर४ घेणारा एलजीए१७०० बोर्ड हा शहाणा मार्ग आहे. मात्र त्या सॉकेटवर पुढे नवा प्रोसेसर यायचा नाही. मी एएम५ चा बी६५० बोर्ड घेतला. त्याआधी कागदावर मागच्या यूएसबी मोजल्या: कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, स्कॅनर, मराठी फॉन्टचं डोंगल (ते लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत), यूपीएस. सहा झाल्या, आणि पेन ड्राइव्ह घेऊन येणारे लेखक वेगळेच. प्रोसेसर बोर्डापेक्षा नंतर बाजारात आलेला असेल तर दुकानातच बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या.

भाव काढायला मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरते आणि लॅमिंग्टन रोडची चार दुकानं फिरते. तोंडी भावात १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते आधी विचारा. बिलावर तुमचा जीएसटी नंबर आणि प्रत्येक भागाचा सिरियल नंबर हवाच.

दुकानात मेमरीच्या पट्ट्या बसवताना तुम्ही समोर उभे राहा. खालची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर आली पाहिजे. मग दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायचं, ‘टक’ आवाज येईपर्यंत. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहतो, डीडीआर५ स्वतःला जुळवून घेत असते. घाबरून बटण दाबू नका. नंतर बायोसमध्ये एक्स्पो (मेमरी तिच्या डब्यावरच्या वेगाने चालवणारी सोय) चालू करा आणि टास्क मॅनेजरमध्ये वेग व ‘स्लॉट्स यूज्ड’ पाहा. ते नीट दिसलं की डोंगल लावून गेल्या वर्षीचा अख्खा अंक पीडीएफ करून बघा, दुकानदाराची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत.