स्वमग्न लेकराला मुंबई दाखवायचीय? आधी ‘बदल’ शिकवा

एका दिवशी एकच ठिकाण. सकाळी गेटवे, दुपारी संग्रहालय, संध्याकाळी चौपाटी असा बेत असेल तर पुढचं वाचू नका.

आमचा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेला, आम्ही ठाण्याचे. उदाहरणाला राणीची बाग घेऊ. ती बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि गुरुवारी बंद, हे लक्षात ठेवा. रविवार नकोच, गर्दी आणि मेगाब्लॉक एकदम अंगावर येतात. बुधवार सोडून मधल्या वारी, फाटक उघडताना पोचा. भायखळ्याला पूर्वेकडे उतरून चालत जाता येतं. लोकलला दिव्यांगांचा डबा असतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, तेव्हा प्रमाणपत्र जवळ ठेवा. हेडफोन, ओळखीचा खाऊ वगैरे तुम्हाला सांगायला नको.

आदल्या दिवशी, उद्या कशानंतर काय हे दाखवणारी चित्रांची पट्टी लावा: लोकल, फाटक, पेंग्विन, खाऊचा डबा, लोकल, घर.

इथपर्यंत सगळेच सांगतात. ‘आधी सगळं दाखवून ठेवा, मग मूल शांत राहतं’ हा सल्ला मात्र अर्धा आहे, आणि त्या अर्ध्यानं माझा घात केला. एका संग्रहालयातलं रेल्वे इंजिन आठवडाभर पट्टीवर दाखवलं. गेलो तर ते दालन दुरुस्तीसाठी बंद. त्यानं पट्टीवरचं इंजिन टरकन ओढून काढलं आणि कुलूप लावलेल्या दारावर दाबून धरलं. पडलं की उचलायचं, पुन्हा दाबायचं. मग जमिनीवर डोकं आपटणं, चाळीस मिनिटं. माझ्या लेखी ती पट्टी वेळापत्रक होती, त्याच्या लेखी आईनं दिलेला शब्द.

तेव्हापासून आमच्याकडे एक केशरी कार्ड आहे. वर प्रश्नचिन्ह, नाव ‘बदल’. सहलीच्या दिवशी पहिल्यांदा काढलंत तर उपयोग शून्य. घरी शिकवा, तेही क्रमानं. पहिले दोन आठवडे फक्त गोड बदल: पोह्यांच्या चित्रावर केशरी कार्ड, आणि ताटलीत शिरा. मग बिनमहत्त्वाचे: निळ्या बादलीऐवजी लाल. नावडते सगळ्यात शेवटी. मी घाईनं थेट ‘पाऊस आला, झोपाळा नाही’पासून सुरुवात केली. कार्ड संडासात गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागलं.

दुसरी गोष्ट, नुसतं ‘बदल’ कधीच दाखवू नका. त्यामागे पुढचं चित्र तयार हवं. पेंग्विनला रांग असेल तर केशरी कार्ड, लगेच पाणघोडा. पेंग्विनचं दालन बंदिस्त, गार आणि अंधारं आहे, आवाज घुमतो. हेडफोन बाहेरच चढवा.

तरीही मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं, झालाच तर बोलणं थांबवा. गर्दीकडे पाठ करून त्याच्याजवळ खाली बसा. ‘एक ठेवून द्या, सुधारेल’ म्हणणारे काका भेटतातच. त्यांना समजावत बसू नका, ती वेळ मुलाची आहे.

गेल्या खेपेला पेंग्विनपुढे चार मिनिटं झाली असतील. त्यानं माझ्या पिशवीत हात घालून केशरी कार्ड काढलं, डब्याच्या चित्रावर लावलं आणि लोकलवर बोट ठेवलं. अकराही वाजले नव्हते. निघालो. डबा घरी येऊन खाल्ला.