कुत्र्याची कायमची ओळख: चिप, गोंदण आणि नंबरामागची नोंद

हरवलेला कुत्रा ज्याला सापडतो त्याला कुत्र्याचा स्वभाव, लाडाचं नाव, घर यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला हवा असतो एक फोन नंबर. पट्ट्याला लावलेला बिल्ला तो सगळ्यात लवकर देतो. पण पट्टा कुंपणात अडकून निघतो, बिल्ल्याची कडी झिजून उघडते, आणि कुत्रा चोरणारा तर आधी पट्टाच काढून फेकतो. म्हणून अंगातच राहील अशी खूण लागते. व्यवहारात अशा खुणा दोनच: कातडीखालची मायक्रोचिप आणि कातडीवरचं गोंदण. दोन्हींमधून मिळतो तो फक्त एक नंबर. तो कुठेतरी नोंदलेला असेल आणि नोंदीतला फोन लागत असेल, तरच कुत्रा घरी येतो.

अमेरिकेतल्या 53 प्राणी-निवाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. बेवारस म्हणून आलेल्या एकूण कुत्र्यांपैकी 21.9 टक्के मालकांकडे परतले, चिप असलेल्यांपैकी 52.2 टक्के. फरक मोठा आहे, पण उरलेल्या निम्म्यांकडेही बघायला हवं. चिप असून मालक सापडला नाही, त्यात सगळ्यात जास्त वेळा आढळलेलं कारण होतं चुकीचा किंवा बंद पडलेला फोन नंबर. चिप बिघडलेली नव्हती, नोंद शिळी झाली होती.

चिप कशी असते

नेहमीची चिप साधारण 12 मिलिमीटर लांब आणि 2 मिलिमीटर जाड, म्हणजे तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी. काचेच्या नळीत एक तांब्याची गुंडाळी आणि एक छोटं सर्किट. आत बॅटरी नाही. स्कॅनर जवळ आला की त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला वीज मिळते, ती आपला नंबर पाठवते आणि पुन्हा गप्प होते. बॅटरीच नसल्यामुळे ती संपण्याचा प्रश्न येत नाही, कुत्र्याच्या आयुष्यभर चिप पुरते. याच कारणाने तिच्यावरून कुत्रा कुठे आहे हे कळू शकत नाही. चिप म्हणजे जीपीएस, हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. लहान जातींसाठी 8 मिलिमीटर लांब आणि 1.4 मिलिमीटर जाड चिपही मिळते. तिची सुई बारीक असते, पण ती वाचायला स्कॅनर आणखी जवळ न्यावा लागतो.

चिप घेताना बघायची गोष्ट एकच: ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 11784 आणि 11785 या मानकांची, 134.2 किलोहर्ट्‌झवर चालणारी आणि 15 आकडी हवी. जुन्या 125 किलोहर्ट्‌झच्या चिपांचे नंबर 9 किंवा 10 आकडे-अक्षरांचे असतात आणि प्रत्येक स्कॅनर त्या वाचेलच असं नाही. कुत्र्याला अशी जुनी चिप आधीच असेल तर ती काढायची गरज नाही, दुसरी 15 आकडी बसवून घ्यावी. दोन चिप एका अंगात राहू शकतात, फक्त दोन्ही नंबर नोंदवावे लागतात. स्कॅनर कधी एक दाखवेल, कधी दुसरा.

15 आकड्यांतले पहिले तीन महत्त्वाचे. ते 900 ते 998 मधले असतील तर तो उत्पादकाचा कोड, 900 च्या खाली असतील तर देशाचा. 900 हा कोड मात्र अनेक उत्पादक मिळून वापरतात, त्यामुळे तेवढ्यावरून चिप कुणाची ते ठरत नाही. 999 ने सुरू होणारा नंबर चाचणीसाठी असतो, तो कुत्र्याच्या अंगात असताच कामा नये.

बसवताना काय तपासायचं

हे काम पशुवैद्याचं किंवा प्रशिक्षित माणसाचं. नेहमीच्या चिपची सुई 12 गेजची असते, लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड, आणि चुकीच्या खोलीवर गेली तर स्नायूत जाते. पण जवळ उभं राहून क्रम बरोबर पाळला जातोय का, हे मालकाने बघायलाच हवं.

आधी कुत्र्याचं पूर्ण अंग स्कॅन करायचं, कारण चिप आधीच असू शकते. दत्तक आणलेल्या कुत्र्यांत हे हमखास निघतं. मग पाकिटातली चिप पाकिटातच स्कॅन करून नंबर स्टिकरवरच्या नंबराशी ताडायचा आणि पाकिटावरची मुदत बघायची. मग दोन खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध, पाठीच्या मध्यरेषेवर कातडी चिमटीत उचलून चिप कातडीखाली सोडायची. युरोपातल्या बऱ्याच देशांत ती मानेच्या डाव्या बाजूला बसवतात. सुई बाहेर काढताना त्या जागेवर बोट दाबून ठेवायचं आणि शेवटी तिथेच पुन्हा स्कॅन करायचं.

बोट दाबण्याचं कारण असं, की सुई झटक्यात काढली तर चिप तिच्याच वाटेने मागे सरकून केसांत पडते. दुसरी फजिती उचललेल्या चिमटीत होते. सुई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर निघते आणि चिप कुत्र्याच्या अंगात न जाता पाठीवरच्या केसांत अडकते. दाट केसांच्या कुत्र्यात हे डोळ्याला दिसत नाही, आणि वाईट म्हणजे लगेच केलेल्या स्कॅनमध्येही नंबर येतो! म्हणून शेवटच्या स्कॅनच्या आधी केसांतून बोटं फिरवून बघावं. रक्ताचा थेंब आला तर कापसाने मिनिटभर दाबलं की थांबतो.

पुढचे एकदोन दिवस ती जागा चोळायची नाही, आंघोळ घालायची नाही, आणि इतर कुत्र्यांशी झोंबाझोंबी होऊ द्यायची नाही. ऊतक चिपला धरायच्या आधी ती सहज सरकते. नंतरही काही चिपा खाली उतरतात, खांद्यावर, छातीच्या बाजूला, कधी कोपरापर्यंत. त्याने कुत्र्याला त्रास होत नाही, पण वाचणाऱ्याने फक्त मानेवरच स्कॅनर फिरवला तर ती हुकते. चिपच्या जागी गाठ आली आणि ती महिनाभरात विरली नाही तर दाखवून घ्यावी. अशा जागी ट्यूमर झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत. मानेचा एमआरआय करायची वेळ आली तर चिप आहे हे आधी सांगावं, कारण तिच्याभोवतीचं चित्र बिघडतं.

परदेशी न्यायचं असेल तर क्रम चुकवू नका: आधी चिप, मग रेबीजची लस, किंवा दोन्ही एकाच दिवशी. युरोपीय संघाच्या नियमात चिपच्या आधी दिलेली लस प्रवासासाठी धरत नाहीत, ती पुन्हा टोचावी लागते.

स्कॅनर फिरवण्याची रीत

दवाखाने, निवारे आणि कुत्रे सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना यातच सगळ्यात जास्त सुधारायला वाव आहे. ‘चिप नाही’ असं सांगितलेल्या कित्येक कुत्र्यांत चिप असते, फक्त स्कॅनर घाईने फिरवलेला असतो. अनेक फ्रिक्वेन्सी वाचणारा स्कॅनर त्या एकामागोमाग एक तपासतो. हात भरकन पुढे गेला तर ज्या क्षणी स्कॅनर योग्य फ्रिक्वेन्सीवर असतो त्या क्षणी तो चिपच्या वर नसतो.

आधी स्कॅनरची बॅटरी बघा, मग एखादी सुटी चिप वाचून तो चालतोय याची खात्री करा. धातूच्या कड्यांचा पट्टा काढा. कुत्र्याला धातूच्या टेबलावरून, संगणकाच्या पडद्यापासून आणि ट्यूबलाइटपासून दूर घ्या, कारण ही सगळी क्षेत्रात अडथळा आणतात. स्कॅनरचं बटण दाबून ठेवून तो केसांना टेकवत, सेकंदाला फार तर 15 सेंटीमीटर इतक्या सावकाश, खांद्यांपासून शेपटीकडे नागमोडी न्या. मग दोन्ही कुशी, दोन्ही खांदे, छाती, पुढच्या पायांचे कोपर. काही आलं नाही तर स्कॅनर काटकोनात वळवून सगळं पुन्हा. चिप स्कॅनरशी ज्या कोनात पडली असेल त्यावर वाचन अवलंबून असतं, आणि एका दिशेने न वाचलेली चिप दुसऱ्या दिशेने चटकन वाचली जाते. दुसऱ्या दिवशी, शक्य असेल तर वेगळ्या माणसाने, आणखी एकदा स्कॅन केल्याशिवाय ‘चिप नाही’ असं लिहू नये.

नोंदणी

चिप बसली म्हणजे नोंद झाली, असं नसतं. बसवणाऱ्याने फॉर्म भरला का, कुठल्या नोंदवहीत (म्हणजे चिपचे नंबर आणि मालकांची माहिती साठवणाऱ्या संस्थेकडे) भरला, त्यावर नाव कुणाचं आहे, हे तिन्ही विचारून घ्या. पिल्लू विकणाऱ्याच्या किंवा निवाऱ्याच्या नावावर चिप तशीच राहिलेली असणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. नाव बदलून घेण्याचं काम कुत्रा घरी आणल्याच्या आठवड्यातच उरका.

नंबर हाताने उतरवू नका. पाकिटातल्या बारकोडच्या स्टिकरांपैकी एक लसीच्या पुस्तकात, एक फॉर्मवर लावा आणि एकाचा फोटो काढून ठेवा. लिहावाच लागला तर 3-4-4-4 असे गट पाडून लिहा आणि दुसऱ्याकडून वाचून घ्या. निवाऱ्यांनी स्प्रेडशीटमध्ये त्या रकान्याचं स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ करावं. नाहीतर 15 आकडी नंबर 9.85ई+14 असा दिसू लागतो, आणि ती फाइल सीएसव्ही म्हणून साठवली की शेवटचे आकडे कायमचे जातात. मग शंभर कुत्र्यांचे नंबर एकसारखे.

नोंदीत किमान दोन फोन द्या, आणि दुसरा वेगळ्या घरातल्या माणसाचा द्या. तुम्ही प्रवासात असताना कुत्रा सुटला तर एकाच घरातले दोन्ही फोन विमानात बंद असतील. पशुवैद्याचं नावही टाका. घर किंवा सिम बदललं की बँकेला कळवता तसं नोंदवहीलाही कळवा.

मग सगळी साखळी तपासून बघा. वर्षातून एकदा, लसीला जाल तेव्हा, कुत्रा स्कॅन करून घ्या. पडद्यावर दिसलेला नंबर चिप शोधण्याच्या ऑनलाइन सोयीत टाका आणि तो तुमच्याच नोंदवहीकडे नेतो का ते बघा. मग नोंदीत असलेल्या दोन्ही नंबरांवर दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून फोन करा. अनोळखी नंबर आपोआप अडवणारं ॲप असेल तर ते इथेच उघडं पडतं. कुत्रा सापडवणाऱ्याचा फोनही अनोळखीच असणार आहे.

गोंदण

गोंदणाचा मोठा गुण म्हणजे ते वाचायला यंत्र लागत नाही. कानाच्या आतल्या बाजूला किंवा मांडीच्या आत गोंदतात. कान दिसायला सोपा, पण चोर कान कापू शकतो. मांडीचा आतला भाग जास्त सुरक्षित, फक्त तिथे बघायचं हे सापडवणाऱ्याला सुचायला हवं. भूल दिल्याशिवाय हे करून घेऊ नये. नसबंदीची भूल असतानाच उरकणं सगळ्यात सोयीचं. काळपट कातडीवर काळी शाई बुडून जाते, तिथे हिरवी निवडतात. फार लहान पिल्लाला गोंदलं तर कातडी वाढते तशी अक्षरं ताणली जाऊन फिकट होतात.

काय गोंदायचं? फोन नंबर गोंदू नये असंच आमचं मत. तो बदलतो, गोंदण बदलत नाही. नोंदवहीने दिलेला क्रमांक गोंदा. अमेरिकेतल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या डाव्या कानात वेताचा क्रमांक असतो आणि उजव्या कानात जन्माची खूण. उजव्या कानात 63ए असेल तर 6 म्हणजे जून, 3 म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि ए म्हणजे त्या वेतातलं कितवं पिल्लू. अशी पद्धत ठाऊक नसेल तर ते आकडे कुणालाही निरर्थक वाटतील, आणि गोंदणाची खरी अडचण हीच आहे. नंबर वाचता आला तरी तो कुणाला विचारायचा हे कळत नाही. पोटावरची एक साधी हिरवी रेघ तर नंबर नसतेच, नसबंदी झाल्याची ती खूण असते.

जुनं गोंदण वाचताना केस वस्तऱ्याने काढा, जागा ओल्या कापसाने पुसा, कान असेल तर मागून टॉर्च धरा. फोटो काढून काळा-पांढरा करा आणि त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवा. 3 आणि 8, 1 आणि 7, 5 आणि इंग्रजी एस यांत शंका असेल तर सगळ्या शक्यता शोधून बघा.

आमच्या मते मुख्य खूण चिपच असावी. गोंदण जोडीला असेल तर उत्तम, एकटं पुरेसं नाही.

बाकीचं थोडक्यात

डीएनए नमुना किंवा नाकाचा ठसा मालकीचा वाद झाला तर कामाला येतो, रस्त्यावर कुत्रा सापडलेल्याला त्याचा उपयोग नाही. चिपची नोंदसुद्धा सगळीकडे मालकीचा कायदेशीर पुरावा धरली जात नाही, म्हणून खरेदीचे किंवा दत्तकाचे कागद, दवाखान्याची बिलं आणि अंगावरचे डाग दिसतील असे फोटो जपून ठेवा. जीपीएसचा पट्टा चांगला, पण तो पट्टाच आहे आणि त्याची बॅटरी संपते. चिप असली तरी साधा बिल्ला काढू नका. लोंबणाऱ्यापेक्षा पट्ट्यावर रिव्हेटने ठोकलेली पट्टी जास्त टिकते, आणि तिच्यावर फोन नंबराखाली ‘चिप आहे’ एवढं कोरून घ्या.

कुत्रा हरवला तर

पहिल्या तासातच नोंदवहीला फोन करून नंबरावर ‘हरवला’ असा शेरा मारून घ्या आणि त्याच फोनवर आपले दोन्ही नंबर बरोबर आहेत ना ते विचारा. 15 आकडी नंबर, फोटो आणि गोंदण असेल तर ते, आसपासच्या सगळ्या दवाखान्यांना आणि निवाऱ्यांना पाठवा. पण जाहीर पोस्टमध्ये पूर्ण नंबर टाकू नका. जो कुत्रा आपल्याकडे असल्याचं सांगेल त्याला शेवटचे चार आकडे विचारता आले पाहिजेत, म्हणजे पैसे उकळणारे लगेच ओळखू येतात. कुत्रा परत आला की तो शेरा काढायला सांगा. तो तसाच राहिला तर पुढच्या वेळी नव्या दवाखान्यात स्कॅन झाल्यावर तुमचाच कुत्रा तुमच्याजवळ असताना चोरीचा समजून अडवला जाईल.