वार बघून स्वतःच बदलणारा फळा: पीएचपीचं पहिलं पान

आमच्या गल्लीतल्या खानावळीच्या दारात एक फळा आहे. काकू रोज पहाटे त्यावर खडूनं आजची भाजी लिहितात. एचटीएमएल या वेबपान लिहायच्या भाषेतलं साधं पान असंच असतं, कुणी पुसून लिहीपर्यंत कालचंच दाखवत राहतं. वार बघून स्वतःच भाजी लिहिणारा फळा हवा असेल, तर वेबपानं पुरवणाऱ्या सर्व्हरवर चालणारी स्क्रिप्ट, म्हणजे सूचनांची फाइल, लागते. तोच फळा आपण पीएचपीत करू. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९४ साली स्वतःच्या होमपेजसाठी केलेल्या छोट्या अवजारांतून ही भाषा वाढली. आज ती फुकट मिळते आणि स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवरही, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवरही, चालते. नवख्याला याहून जास्त काय हवं?

आधी सर्व्हर. विंडोजवर झॅम्प नावाचं पॅकेज टाका, त्याचं कंट्रोल पॅनल उघडा आणि अपाची या सर्व्हरसमोरचं स्टार्ट दाबा. सुरू झालं नाही, तर बहुतेक वेळा ८० नंबरचं पोर्ट (सर्व्हरचं ये-जा करायचं दार) दुसऱ्याच प्रोग्रॅमनं अडवलेलं असतं. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा दाबा.

आता झॅम्पच्या फोल्डरातल्या एचटीडॉक्समध्ये 'भाजी डॉट पीएचपी' अशी फाइल करायची. फाइलचं नाव, कोडमधले शब्द सगळं इंग्रजी लिपीत टाइप करायचं बरं का, इथे मी उच्चार लिहितोय. नोटपॅडात सेव्ह करताना प्रकार 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर मागे गुपचूप 'टीएक्सटी' चिकटतं आणि तासभर डोकं खाजवावं लागतं. एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर मराठी अक्षरं बिघडतील.

फाइलीच्या सुरुवातीला उघडता कोनी कंस, प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून पीएचपी ही तीन अक्षरं. त्याखाली भाज्या. पीएचपीत व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याचं, नाव मात्र देवनागरीत चालतं, त्यामुळे ही ओळ आहे तशी उतरवा:

$भाज्या = ["सुट्टी", "मटकी", "भेंडी", "मेथी", "फ्लॉवर", "वांगं", "पिठलं"];

मोजणी शून्यापासून, आणि शून्य म्हणजे रविवार. पुढच्या ओळीत $वार या व्हेरिएबलात डेट या फंक्शनचं, म्हणजे तयार आज्ञेचं, उत्तर ठेवा. फंक्शनच्या कंसात, अवतरणचिन्हांत लहान लिपीतला डब्ल्यू, म्हणजे ते वाराचा आकडा देतं. शेवटी इको हा पानावर छापणारा शब्द, एक मोकळी जागा आणि $भाज्या[$वार], एवढंच. ओळीअखेरचा अर्धविराम विसरलात तर पीएचपी चूक बहुधा पुढच्या ओळीची सांगेल. वरची ओळ आधी तपासा.

फाइलीवर डबल-क्लिक करू नका. तसं केलं तर सर्व्हर मधे येतच नाही आणि समोर नुसता कोड दिसतो, किंवा फाइल डाउनलोड होते. ब्राउझरच्या पट्टीत लोकलहोस्ट, तिरपी रेघ आणि फाइलीचं नाव टाका. भाजी दिसली? आता राइट-क्लिक करून पानाचा सोर्स बघा. आज बुधवार असेल तर तिथे फक्त 'मेथी' असेल, सात भाज्यांची यादी नाही. स्क्रिप्ट सर्व्हरवर चालते, संपते, आणि ब्राउझरच्या ताटात फक्त वाढलेलं येतं. पुढच्या बहुतेक अडचणी ही गोष्ट विसरल्यामुळे होतात.

माझीही झाली. काकूंसाठी पान होस्टिंगवर चढवलं आणि बुधवारी पहाटे पाचला त्यांचा फोन: "मी इथे मेथी निवडत बसलेय आणि तुझा फळा भेंडी सांगतोय!" सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्या लेखी मंगळवारची रात्र चालू होती. उपाय एका ओळीचा: डेट, डिफॉल्ट, टाइमझोन, सेट हे चार शब्द अंडरस्कोअरनं जोडायचे आणि कंसात, अवतरणचिन्हांत 'आशिया/कोलकाता' द्यायचं. ही ओळ वार काढण्याआधी हवी.

आता ऑर्डर घेऊ. एचटीएमएलचा फॉर्म करा, मेथड, म्हणजे माहिती पाठवायची पद्धत, पोस्ट. नावासाठी एक चौकट, डब्यांसाठी एक. भरलेली माहिती पीएचपीला डॉलर, अंडरस्कोअर आणि मोठ्या लिपीतल्या 'पोस्ट' या नावाच्या ॲरेत, म्हणजे यादीत, मिळते. गिऱ्हाइकानं लिहिलेलं नाव पानावर जसंच्या तसं कधीही छापू नका. नावाच्या जागी कुणी स्क्रिप्टचा टॅग लिहिला, तर तो बघणाऱ्याच्या ब्राउझरात चालेल. एचटीएमएलस्पेशलचार्स या जोडून लिहायच्या फंक्शनमधून ते आधी गाळून घ्या. डब्यांच्या चौकटीत लोक मराठी कीबोर्डवरून '२' लिहितात, आणि पीएचपी त्याचा पूर्णांक शून्य करतं! म्हणून मी तिथे एक ते दहाची निवडयादी दिली. तरीही आलेला आकडा स्क्रिप्टमध्ये पुन्हा तपासाच, कारण यादीबाहेरचं काही पाठवणं अवघड नसतं.

डेटाबेसची घाई नको. फाइल, पुट, कंटेंट्स हे तीन शब्द अंडरस्कोअरनं जोडलेलं फंक्शन ऑर्डर साध्या फाइलीत लिहितं. तिसरा पर्याय म्हणून मोठ्या लिपीत फाइल-अंडरस्कोअर-अपेंड द्यायला विसरलात, तर प्रत्येक नवी ऑर्डर जुन्या सगळ्या पुसून टाकेल. ती फाइल एचटीडॉक्सच्या बाहेर ठेवा, नाहीतर पत्ता ओळखून कुणीही गिऱ्हाइकांची नावं वाचेल.

एक शेवटचं काम राहिलं. ऑर्डर दिल्यावर गिऱ्हाइकानं पान रिफ्रेश केलं, तर फॉर्म पुन्हा जाऊ शकतो, स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालते आणि दोन डब्यांचे चार होतात. फाइलीत लिहून झालं की हेडर फंक्शननं लोकेशन देऊन त्याला 'ऑर्डर मिळाली' अशा दुसऱ्या पानावर पाठवा आणि लगेच एक्झिट लिहा. हेडरच्या आधी पानावर काहीही छापलेलं नसावं, फाइलीच्या सुरुवातीची रिकामी ओळसुद्धा नाही.