नागपूरच्या पावसासाठी विंडचीटर की रेनकोट? निवड कशी करावी

मृगाचे दोन शिरवे पडले की बर्डीच्या मेन रोडवर रेनकोट टांगले जातात आणि शेजारीच रंगीबेरंगी विंडचीटर. दुकानदाराला विचारा, दोन्ही ‘एकदम वॉटरप्रूफ’. शंका काढली तर तो बाटलीतलं पाणी शिंपडून दाखवतो आणि दोन्हींवरून थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे घरंगळतात. या प्रात्यक्षिकावरून कापड पाणी झटकतं एवढंच कळतं. तासभर झड लागली तर ते पाणी अडवेल की नाही, हे कळत नाही.

विंडचीटरसारख्या पाणी झटकणाऱ्या म्हणजे वॉटर रिपेलंट कपड्यात धाग्यांवर एक रासायनिक लेप असतो. विणीची भोकं उघडीच राहतात. त्यामुळे हवा खेळते, घाम वाळतो, भुरभुर पाऊस वरच्यावर झटकला जातो. पण पाऊस वाढला किंवा कापडावर दाब आला की पाणी आत शिरतं. आपली घोंगडी याच जातीची: लोकरीतल्या नैसर्गिक मेणामुळे ती बराच वेळ पाणी झटकते, मग हळूहळू जड होत जाते. वॉटरप्रूफ कपड्यात मात्र कापडाच्या आतल्या बाजूने सलग थर असतो. स्वस्त मालात तो पीव्हीसी किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) या प्लास्टिकचा लेप असतो, महागात पातळ पडदा, ज्याला मेंब्रेन म्हणतात. वॉटरप्रूफ जॅकेटवरही बाहेरून तो झटकणारा लेप दिलेला असतो, म्हणून दुकानातली शिंपडाशिंपडी दोघांनाही सारखाच निकाल देते. लेबलवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असेल तर तो कपडा वॉटरप्रूफ नाही असंच धरून चाला.

आधी ठरवा: भिजता कुठे?

नागपूरकर बहुतेक वेळा गाडीवर भिजतो. वर्धा रोडवरून किंवा हिंगण्याहून रोज दुचाकीने येणाऱ्याला पाऊस वरूनच नाही, समोरून आणि पुढच्या ट्रकच्या चाकाखालूनही लागतो. इथे विंडचीटर कामाचा नाही. पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट, दोन्ही हवेत. सेमिनरी हिल्सवर किंवा फुटाळ्याच्या काठाने सकाळी फिरणाऱ्याचं गणित उलटं आहे. तो चालतो, घामेजतो आणि पाऊस वाढला तर आडोशाला थांबू शकतो. त्याच्यासाठी हलका विंडचीटर पुरतो, सोबत छत्री असली की झालं.

नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत पचमढीच्या डोंगरात नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून कितीतरी लोक जातात. तिथे चढही आहे आणि मुसळधार पाऊसही. पाठीवरच्या पिशवीसकट अंग झाकणारा ढगळ पॉन्चो अशा वेळी अंगासरशा जॅकेटपेक्षा बरा, कारण खालून हवा लागते. तोच पॉन्चो दुचाकीवर मात्र घालू नका. वाऱ्याने फडफडतो आणि चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतो.

महाग मेंब्रेनचा मोह

१९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्याने ताणून अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला आणि त्यातून गोर-टेक्स आलं. छिद्र पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूहून मोठं. म्हणून पाऊस बाहेर राहतो आणि घामाची वाफ निघून जाते. तत्त्व पक्कं आहे. पण वाफ आपोआप बाहेर पडत नाही. आत जास्त ऊब आणि दमटपणा, बाहेर कमी, असा फरक असेल तरच ती निघते. थंड डोंगरात बाहेर आठ-दहा अंश असताना हा फरक भरपूर असतो. नागपुरात जुलैच्या दुपारी पारा तिशीच्या आसपास आणि हवा आधीच दमट. जॅकेटच्या आत आणि बाहेर जवळजवळ सारखीच हवा असली की वाफ जाणार कुठे? लेबलवर ‘ब्रीदेबल १०,०००’ लिहिलेलं असलं, म्हणजे चोवीस तासांत चौरस मीटरमागे इतकी ग्रॅम वाफ, तरी तो आकडा प्रयोगशाळेतला असतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: फक्त नागपूर शहरात वापरायचं असेल तर मेंब्रेनवर पैसे घालू नका. त्याऐवजी काखेत चेन किंवा पाठीवर झाकलेली जाळी असलेलं, थोडं ढगळ जॅकेट शोधा. आतून जाळीचं अस्तर असावं, म्हणजे लेप अंगाला चिकटत नाही. हिमालयात ट्रेकला जाणार असाल तर गोष्ट वेगळी, तिथे मेंब्रेनचे पैसे वसूल होतात.

दुकानात काय तपासावं

जॅकेट उलटं करा. शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांग. वॉटरप्रूफ कपड्यात तिच्यावर आतून पारदर्शक किंवा करडी पट्टी चिकटवलेली असते. पट्टी नसेल तर कापड कितीही भारी असो, खांद्यावरून पाणी येणारच. काही जॅकेटांत खांद्यालाच पट्टी असते आणि काखेला नसते, तेव्हा सगळ्या शिवणी बघा. पँटची मधली शिवण नक्की बघा. गाडीच्या सीटवर पाणी साचतं आणि त्यावर आपलं वजन पडतं, त्यामुळे रेनकोट सगळ्यात आधी तिथेच गळतो.

मग कापडाला तोंड लावून जोराने फुंका. हवा सहज पलीकडे गेली तर सलग थर नाही, म्हणजे ते फक्त पाणी झटकणारं आहे. हवा अडली म्हणून वॉटरप्रूफच असेल असं नाही, घट्ट विणीचं कापडही बरीच हवा अडवतं, पण खोटा दावा पकडायला ही युक्ती पुरेशी आहे.

ब्रँडेड मालावर मिलिमीटरमध्ये आकडा असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर तो किती उंच होईपर्यंत कापड गळत नाही, याचं ते माप. १,५०० म्हणजे हलक्या सरींपुरतं, ५,००० रोजच्या पावसाला ठीक, रोज गाडी चालवणाऱ्याने १०,०००च्या आसपास बघावं. २०,००० डोंगरात दिवसभर राहणाऱ्यांसाठी. हा आकडा कापडाचा असतो. शिवणींची आणि चेनची हमी त्यात धरलेली नसते. इतवारीतल्या साध्या रेनकोटवर बहुधा आकडा नसतोच, पण पट्टी मारलेली असेल तर तो गाडीवर चांगला टिकाव धरतो. घाम येईल, ते गृहीत धरा.

अंगात घालून बघताना हँडल धरल्यासारखे हात पुढे करा. मनगट उघडं पडलं तर पाणी बाहीतून कोपरापर्यंत जाईल. चेनवर झडप हवी, कॉलर उंच हवी. हेल्मेटवर टोपी ओढू नका, बाजूचं दिसत नाही. शेवटचं, रंग भडक आणि चमकणारी पट्टी असलेलाच घ्या. मुसळधार पावसात काळा रेनकोट मागच्या गाडीवाल्याला दिसत नाही.

घरी आणल्यावर कापड एका गंजावर म्हणजे पातेल्यावर खोलगट पसरा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि पंधरा मिनिटांनी तळाशी बोटाने दाबून बघा. खालून ओल आली तर पावती घेऊन परत जा.

हे सगळं पाहून घेतलं तरी २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटेसारखा पाऊस आला, चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त आणि अंबाझरी ओसंडलेला, तर कोणताही रेनकोट चालत नाही. गाडी बाहेर काढूच नये.

टिकवायचं कसं

एक-दोन पावसाळ्यांनी जॅकेट बाहेरून पाणी पिऊ लागतं, जड आणि गार लागतं. लोकांना वाटतं गळतंय. बऱ्याचदा आतला थर शाबूत असतो, फक्त वरचा झटकणारा लेप मळलेला असतो. सौम्य साबणाने धुवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात वापरू नका. लेबलवर परवानगी असेल तर वाळल्यावर वरून सुती कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. उबेने लेप पुन्हा काम करू लागतो. तरीही थेंब घरंगळत नसतील तर वॉटर रिपेलंट स्प्रे मिळतो, तो मारा. पीव्हीसीच्या रेनकोटला इस्त्री लावू नका, वितळेल.

ओला रेनकोट गाडीच्या डिक्कीत कोंबून ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे आणि पीयूचा लेप त्यानेच मरतो. दमट उष्णतेत तो चिकट होतो, मग पापुद्र्यासारखा सुटतो. पावसाळा संपला की पूर्ण वाळवून, घड्या न घालता हँगरला लावा, आणि मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आतून पापुद्रे निघायला लागले की दुरुस्ती होत नाही. तो गाडीची सीट झाकायला घ्या आणि नवा बघा.