बेगोनियावरची भुरी

तासगावचे द्राक्षबागवाले मामा सांगलीला आले, बाल्कनीतला माझा बेगोनिया पाहिला आणि म्हणाले, "अगं, ही तर भुरी!" पानांवर पीठ सांडल्यासारखे ठिपके. मी आठवडाभर धूळ समजून पुसत होते!

द्राक्षाची भुरी ही वेगळी बुरशी, ती बेगोनियावर येत नाही. पण स्वभाव तोच: पान ओलं नसलं तरी फोफावते, दमट कोंदट हवा मिळाली की झालं. म्हणून कुंड्या वीतभर लांब ठेवा, वारं खेळू द्या.

डागाळलेली पानं कापून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. कात्री स्पिरिटनं पुसा. मग मामांचंच औषध: पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंनी. आधी एकाच पानावर मारून दोन दिवस बघा. तोंडाला रुमाल बांधा. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर पानं करपतात, म्हणजे आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये गंधक विसराच. निंबोळी तेल फवारलं असेल, तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

खोड बुडाशी मऊ, काळं पडलं तर ती भुरी नव्हे, कूज; तिथं मात्र फवारणीनं काही होत नाही. माझी दोन रोपं अशीच गेली. कृष्णाकाठची काळी माती भरली होती, पाणी धरून बसणारी. आता कोकोपीट, गांडूळखत, जाड वाळू. वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी, तेही सकाळी, बुंध्याशी. वरचा शेंडा निरोगी असेल तर छाटून नव्या कुंडीत लावा. माझा तिसरा तसाच वाचला.