ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

मागच्या महिन्यात मिरजेचा एक कॉलेजचा पोरगा सीपीयू रिक्षात घालून आमच्या विश्रामबागच्या दुकानात आला. "काका, गेम लावला की पाच मिनिटांत पीसी रिस्टार्ट होतोय. विंडोज दोनदा टाकून बघितलं." कार्ड आरटीएक्स 3060, नवं कोरं. झाकण काढून एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा, हातात घेतला, तर डब्यात काही आहे की नाही असं वाटावं इतका हलका. वर ठळक 500 वॅट. खाली लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर.

बहुतेकांची चूक इथंच होते. कार्ड आणि प्रोसेसर, दोन्हींचा भार 12 व्होल्टवर असतो. 16 गुणिले 12 म्हणजे 192 वॅट. 3060 एकटंच 170 वॅट खातं, त्यात प्रोसेसरचे 65 धरा. नुसतं यूट्यूब बघताना काही होत नाही, कारण तेव्हा कार्ड निवांत असतं. गेममध्ये मात्र ते क्षणभर 170 च्याही वर उसळी घेतं आणि सप्लाय मान टाकतो. या कार्डासाठी एनव्हिडिया 550 वॅटचा सप्लाय सांगते, पण तो खरा 550 चा हवा.

दुसरी चूक कन्व्हर्टरची. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला 75 वॅट मिळतात, सप्लायकडून येणाऱ्या 8 पिनच्या वायरमधून 150. या पठ्ठ्यानं मोलेक्सवरून, म्हणजे जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून, कन्व्हर्टर लावून 8 पिन काढली होती. कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. सप्लायलाच 8 पिनची वायर नसेल, तर तो त्या कार्डासाठी नाही, एवढं समजून घ्या. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणाऱ्या सप्लायला दुसऱ्या कंपनीची वायरही लावू नका. ती बसते, पण आतल्या पिना वेगळ्या असू शकतात आणि कार्ड जळतं. 80 प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, ताकद नाही.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर 41 ही एरर दिसली म्हणून लगेच सप्लाय बदलायला धावू नका; पीसी नीट बंद झाला नाही, इतकंच ते सांगतं. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट 70 टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. रिस्टार्ट थांबलं, तर संशय सप्लायवर.

पोराला 650 चा बसवून दिला. आता फोन येतो तो लाईट गेल्यावर: 600 व्हीएचा यूपीएस, गेम चालू, आणि सगळं एकदम बंद. त्या यूपीएसचे वॅट 360 च्या आसपासच असतात. मॉनिटरही त्यावरच आहे म्हणे.